दक्षिण आफ्रिका: एएनसी-डीए युती हा मतदारांचा कौल की फसवणूक?

जोबर्गकर:
आमच्या ऑफिसात सफाई बघणाऱ्या बाई जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीत राहतात. आम्ही त्यांना ‘मामा’ म्हणतो, इथे वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. २९ मे २०२४ ला त्या दुपारी रांगेत लागल्या, मत देऊन बाहेर पडेपर्यंत रात्र झाली. दुसऱ्या दिवशी डाव्या अंगठ्यावरची शाई दाखवत म्हणाल्या, “चुकली तरी आमचीच पार्टी आहे ती.”

त्याच पार्टीने, म्हणजे एएनसीने (मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस), जूनमध्ये डीएला (डेमोक्रॅटिक अलायन्स, तोवरचा मुख्य विरोधी पक्ष) मंत्रिमंडळात घेतलं. डीएने तर एएनसीला सत्तेबाहेर काढायला इतर पक्षांची मोट बांधली होती. राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्यावर एएनसीचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी मतदानाच्या दोन आठवडे आधी सही केली, मामांना तो हवा होता. डीएचा त्याला कडाडून विरोध. मग मामांच्या मताचं झालं काय? माझ्या मते ही सरळ फसवणूक आहे.

डर्बनचा_वसंत:
अजिबात पटलं नाही. ४०० जागांत बहुमताला २०१ लागतात. २०१९ ला एएनसीकडे २३० होत्या, या वेळी १५९. हे बहुमत रामाफोसांनी घालवलं नाही, मतदारांनी काढून घेतलं. मालेमांच्या ईएफएफ या डाव्या पक्षाच्या ३९ धरल्या तरी १९८, तीन कमीच. माजी राष्ट्राध्यक्ष झुमांच्या एमके पक्षाकडे ५८ होत्या, पण त्यांनी निकालच नाकारला आणि पहिल्या बैठकीला आलेच नाहीत. निकालानंतर १४ दिवसांत संसदेची पहिली बैठक घ्यायची आणि तिथेच राष्ट्राध्यक्ष निवडायचा, असं राज्यघटना सांगते. तुम्हीच सांगा, कुणाला घ्यायचं होतं?

रेवती क.:
अल्पमतातलं सरकार चालवायचं! एकेका विषयावर पाठिंबा मिळवत. मंत्रिपदं वाटायची सक्ती कुणी केली होती? डीएला सहा खाती मिळाली. विरोधी बाकावरचा सर्वांत मोठा आवाज सत्तेत जाऊन बसला, याची मला जास्त काळजी वाटते.

डर्बनचा_वसंत:
आवाज गेलेला नाही, ताई. व्हॅट आठवा. १५ चा १७ टक्के करायचा घाट होता. १९ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्प मांडायच्या दिवशीच पुढे ढकलावा लागला, कारण मंत्रिमंडळात एकमत होईना. मग अर्धा-अर्धा टक्का वाढवायचं ठरलं, डीए आणि ईएफएफ कोर्टात गेले आणि एप्रिलमध्ये तीही वाढ मागे घेतली. मक्याच्या पिठावर व्हॅट नाही, पण साबणावर आहे, विजेवर आहे. एएनसीचं एकहाती बहुमत असतं तर मामांना हे पैसे भरावेच लागले असते.

जोबर्गकर:
व्हॅटचं मान्य, वसंतराव. तिथे युतीचा फायदा झाला, मामांचाही झाला. पण जानेवारी २०२५ मध्ये भूसंपादनाच्या कायद्यावर सही झाली आणि डीए स्वतः ज्या सरकारात आहे त्याच सरकारच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली. बिघडलं तर एएनसी डीएकडे बोट दाखवणार, डीए एएनसीकडे. मामांनी जाब कुणाला विचारायचा? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

रेवती क.:
मलाही हेच विचारायचं होतं. वसंतराव, यावर बोला.