ॲप येऊ द्यायचे की नाही यावर किती भांडणार? ॲपची वही कोणाच्या हातात, ते विचारा

पर्वरीकर

मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून पेडणे तालुक्यात गोवामाइल्स या टॅक्सी ॲपच्या काउंटरवरून रण पेटलेले आहे. त्याआधी 2018 मध्ये पर्यटन महामंडळाने हे ॲप आणले तेव्हाही तेच. गेल्या वर्षी, मे 2025 मध्ये, सरकारने ॲग्रीगेटरसाठी, म्हणजे ॲपवरून टॅक्सी लावून देणाऱ्या कंपन्यांसाठी, नियमांचा मसुदा काढला, टॅक्सीवाले खवळले आणि सरकारने पाय मागे घेतला. सात-आठ वर्षे आपण एकाच गोष्टीवर भांडतोय: ॲप पाहिजे की नको. त्या ॲपच्या पोटात काय चालते, हे ना टॅक्सीवाल्यांचे पुढारी विचारत, ना ॲपवाले ग्राहक.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून सांगतो. भाडे कोणाला द्यायचे हे सर्व्हर ठरवतो. गाडी किती लांब आहे, रेटिंग किती, मागची किती भाडी नाकारली, असे सगळे मोजून. ही मोजमापे कंपनी रातोरात बदलू शकते आणि ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. त्याला एवढेच दिसते की कालपर्यंत दिवसाला आठ भाडी येत होती, आज तीन आली. स्टँडवर नंबराची वही असते. वाद झाला तर ती वही उघडून तोंडावर मारता येते.

माझ्या ओळखीतला एक पोरगा पुण्यात एका कंपनीच्या ॲपवर गाडी चालवायचा. सकाळी फोन उघडला तर आयडी, म्हणजे त्याचे ॲपवरचे खाते, बंद. स्क्रीनवर एक ओळ: धोरणाचे उल्लंघन. कुठले धोरण, कुठल्या दिवशी, कोणाची तक्रार, काही नाही. हेल्पलाइनवर पोरगी म्हणते, 'सर, सिस्टीममध्ये एवढंच दिसतं.' गाडीचा हप्ता मात्र पाच तारखेला कापला गेला.

गोव्यात हे सांगायला वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर मुंडकाराचे घर असायचे आणि भाटकाराची मर्जी फिरली की बिऱ्हाड उचला. 1975 च्या मुंडकार कायद्याने ते थांबवले. आयडी हे आजचे घर आहे आणि त्याला तसले काहीच संरक्षण नाही.

म्हणून म्हणतो, ॲपला परवाना द्यायचाच असेल तर अटीवर द्या. आयडी बंद करायचा तर आधी लेखी कारण द्यायचे आणि निर्णयाखाली माणसाची सही पाहिजे. ड्रायव्हरच्या भाड्यांचा सगळा इतिहास रेटिंगसकट त्याच्या हातात द्यायचा, म्हणजे उद्या दुसऱ्या ॲपवर गेला तर शून्यापासून सुरुवात नको. हे हवेत बोलत नाही. एप्रिल 2023 मध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील कोर्टाने उबर आणि ओलाच्या प्रकरणात ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. ड्रायव्हर इंग्लंड-पोर्तुगालचे होते. आयडी बंद करण्यात माणसाचा हात नावापुरताच होता, असे कोर्टाने उबरला सुनावले आणि माहिती द्यायला लावली. पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेले आपले कितीतरी गोंयकार हेच काम करतात, त्यांना विचारा.

थिवीला उतरणारी

पात्रांव, वाचायला छान आहे. आता रात्री उशिरा थिवी स्टेशनवर रेल्वेतून उतर, सोबत आई आणि दोन बॅगा घे, आणि म्हापशापर्यंत किती मागतात ते ऐक.

ॲपचे नियम गुप्त आहेत म्हणतोस. स्टँडवरच्या दराचा नियम कुठे लिहून ठेवलाय? बॅगा बघतात, कपडे बघतात, शेवटची बस गेली का ते बघतात, मग आकडा सांगतात. डिजिटल मीटर बसवायला हायकोर्टापर्यंत जावे लागले. सरकारने त्यासाठी अनुदानही दिले. मीटर चालू करून भाडे सांगणारा टॅक्सीवाला तुला शेवटचा कधी भेटला? ड्रायव्हरांच्या डेटाचे हक्क वगैरे ठीक आहे. पण दर आधी कळणे हा माझा हक्क आहे, आणि तो मला आजवर फक्त ॲपनेच दिलाय.

काळी-पिवळी

मीटरचे बोलणारे रिकाम्या परतीचे बोलत नाहीत. मोपाहून काणकोणला पॅसेंजर सोडला तर येताना शंभरेक किलोमीटर गाडी रिकामी. ते पेट्रोल कोण घालणार? ॲपचा दर बघून खूश होता, त्या दरात कमिशन कापून आमच्या हातात काय उरते ते बघा.

पर्वरीकर बाब, तुमच्या वहीबद्दल सांगतो. ती काही देवाघरची वही नाही. आमच्या स्टँडवरही वशिला चालतो, पुढाऱ्याचा भाचा मधूनच घुसतो. पण तो कोणाचा भाचा हे मला ठाऊक आहे. त्याच्या तोंडावर चार शिव्या घालू शकतो, बैठकीत नाव घेऊ शकतो. ॲपला शिव्या कुठे जाऊन घालू?

आकडेमोड

धागाकर्त्याच्या मागण्यांपुढे पुढची पायरी ठरलेली असते: मग सहकारी ॲप काढा, खुल्या कोडचे काढा. कोणीतरी म्हणायच्या आधी मीच बोलून घेतो.

बंगळुरूचे नम्मा यात्री हे रिक्षा-टॅक्सीचे ॲप 2022 मध्ये आले. कोड गिटहब या साइटवर सगळ्यांना उघडा, कमिशन नाही, ड्रायव्हरकडून दिवसाचे ठरावीक पैसे. चांगले चालले, मान्य. पण 2024 मध्ये त्यांच्या कंपनीत गूगलने पैसे घातले. कोड सगळ्यांचा, पण सर्व्हर, नकाशा आणि भांडवल कोणाचे? केरळ सरकारनेही 2022 मध्येच केरळ सवारी काढले, ते तर तेव्हा नीट धावलेच नाही. लोकांना पाच मिनिटांत गाडी लागते. सरकारी ॲपची तत्त्वे कितीही चांगली असली तरी त्यावर गाडी मिळाली नाही की लोक ॲप पुसून टाकतात.

आणि भाडे लावण्याचे नियम जाहीर करा, असे सुचवू पाहणाऱ्यांना एक सांगतो. दुसऱ्या दिवशी खोटे जीपीएस लावून पन्नास गाड्या मोपाच्या गेटवर 'उभ्या' दिसतील. हे मी चेष्टेने म्हणत नाही, असल्या लबाड्या पकडायचे काम मी केले आहे.

पर्वरीकर

@आकडेमोड, सर्व्हर कोणता गुण किती मोजतो ते आकड्यासकट चव्हाट्यावर आणा, असे मी म्हटलेलेच नाही. नियम बदलला तर ज्याच्या पोटावर पाय येतो त्याला आधी कळवा, एवढेच. आणि ड्रायव्हरला त्याची स्वतःची भाडी, त्याच्यावरच्या तक्रारी, त्याचे रेटिंग दाखवले तर खोटे जीपीएस लावायला कोणाला कशी मदत होते, ते समजावून सांग. 'लबाडी होईल' या एका वाक्याखाली आपल्या धंद्यात काय काय झाकले जाते ते तुलाही माहीत आहे.

@थिवीला उतरणारी, आधी दर कळणे हा हक्कच आहे, त्यावर वाद नाही. तो फक्त ॲपकडे आहे, हे सरकारचे अपयश. पण गर्दीच्या वेळी तेच ॲप काय करते? केंद्राने जुलै 2025 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत दर चढवायला मुभा आहे. 2020 मध्ये ती दीडपट होती.

थिवीला उतरणारी

दुप्पट तर दुप्पट, गाडीत बसण्याआधी स्क्रीनवर दिसते ना? पटले नाही तर बसणार नाही. स्टँडवर आकडा ऐकून नाही म्हटले तर मागचा टॅक्सीवालाही तोच आकडा सांगतो.

मामलेदाराच्या दारात

वकिली करते, म्हणून दोन्हीकडच्यांचा थोडा हिरमोड करते.

मुंडकार कायद्याचे नाव अभिमानाने घेतलेत. त्याच कायद्याखालच्या केसेस आजही मामलेदारांकडे लोळत पडल्या आहेत, अर्ज करणारा गेला आणि आता मुले तारखा घेतात. कागदावरचे संरक्षण हातात पडेपर्यंत माणूस थकतो. ॲपसाठी कायदा करताना दाद कुठे मागायची आणि किती दिवसांत, हे आधी लिहा. बाकीचे नंतर.

दुसरे, ॲमस्टरडॅमचा निकाल युरोपच्या डेटा कायद्यावर उभा आहे. फक्त यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध तिथे वेगळे कलम आहे. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तसे कलम नाही. आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क 2019 च्या विधेयकात होता, तो पुढे गळाला. उरला तो माहितीचा गोषवारा मागायचा हक्क, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले तरी त्याच्या अंमलाला 18 महिन्यांची मुदत दिली आहे. तोपर्यंत गोव्यातल्या ड्रायव्हरने युरोपचा निकाल दाखवला तर कंपनीचा वकील चहा पाजून परत पाठवेल.

पण पोळ्याचा नाका ओलांडला की कर्नाटक आहे. त्यांचा 2025 चा गिग कामगार कायदा, म्हणजे ॲपवर काम करणाऱ्यांचा कायदा, वाचा. काम बंद करायचे तर लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस. यंत्र कामाचे वाटप कसे करते त्याची माहिती कामगाराला द्यायची. पर्वरीकर जे मागतायत त्यातले बरेचसे तिथे छापून तयार आहे. गोवा विधानसभेने ते आपल्या बेताने कापून घ्यावे. ॲमस्टरडॅमपर्यंत जायचे कारण नाही.

काळी-पिवळी

हे 14 दिवसांचे खरे आहे? आमच्यातले निम्मे लोक ॲपचे नाव काढले की उठून जातात, पण नोटिशीचे ऐकतील. उद्या ॲप आलेच तर हात बांधलेले नकोत. बाय, ते कलम मराठीत लिहून द्याल काय? इंग्रजी कागद बैठकीत वाचला की पहिल्या ओळीतच लोक बाहेर बिडी ओढायला जातात.

मामलेदाराच्या दारात

देते. पण त्याच कागदावर मीटरचे एक कलम घालणार, आधीच सांगते.

थिवीला उतरणारी

आणि भाडे नाकारण्याचे. केंद्राच्या तत्त्वांत ॲपवर विनाकारण भाडे रद्द केले तर 10 टक्के दंड आहे, जास्तीत जास्त 100 रुपये, आणि तो दोघांनाही. स्टँडवाल्यालाही लावा.

काळी-पिवळी

दंड लावा. त्याआधी मीटरमध्ये परतीचा दर लावा.

आकडेमोड

एक शंका. एवढा मसुदा करताय, तर गोवामाइल्सही त्यात येणार ना? की महामंडळाचा शिक्का आहे म्हणून त्यांना सूट?

पर्वरीकर

सूट कसली? पहिले तेच.