१७४ बीपीएम, एफ मायनर: बी-फ्लॅट गायब होतो, ड्रॉप बसत नाही. मिक्स आणि अरेंजमेंटवर मत हवं

मानेवाडा_१७४

नमस्कार मंडळी. ड्रम अँड बेसचा (वेगवान ड्रम आणि जाड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत) एक ट्रॅक जवळपास पूर्ण आहे, पण मिक्स काही जमून नाही राहिला. विचारपूस करावी लागू नये म्हणून सगळं आधीच सांगतो.

एफएल स्टुडिओ (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर), १७४ बीपीएम (मिनिटाला १७४ बीट), एफ मायनर. सब (सगळ्यात खालचा बेस) म्हणजे साधी साइन वेव्ह, एफएलच्या थ्री एक्स ऑस्क सिंथमधून, ओळ एफ, ए-फ्लॅट, बी-फ्लॅट. त्यावर रीस बेस (घोंगावणारा जाड बेस): दोन सॉ वेव्ह, २० सेंट डिट्यून (सुरातला किंचित फरक; सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. किक आणि स्नेअर वनशॉट (एकेका ठोक्याचे सॅम्पल), खाली अमेन ब्रेक (जुन्या रेकॉर्डमधला प्रसिद्ध ड्रम लूप). शिवाय मिरवणुकीत फोनवर घेतलेला ताशाचा लूप आहे, सहाच्या ठेक्यातला, मूळ वेग ११२ च्या आसपास.

अरेंजमेंट: इंट्रो २४ बार (एक बार म्हणजे ४ बीट), बिल्ड (ड्रॉपआधीची चढण) १६, पहिला ड्रॉप (ड्रम आणि बेस पूर्ण जोराने येतात तो भाग) ६४, ब्रेकडाउन ३२, दुसरा ड्रॉप ६४ आणि तिथेच शेवट. एकूण ४ मिनिटं ३६ सेकंद.

खोली १० बाय १०, छतही १० फुटांवर. ५ इंची मॉनिटर भिंतीला लागून टेबलावर, खुर्ची खोलीच्या मधोमध. कूलर चालूच असतो, त्याला इलाज नाही.

आता दुखणी. सब बी-फ्लॅटवर गेला की ऐकूच येत नाही, म्हणून ५८ हर्ट्झला ५ डीबी चढवले. तर गाडीत नेमकी तीच नोट दारं हलवते. लॉनमधल्या मोनो सिस्टिमवर रीस येतो-जातो. ताशा दोन बारनंतर सुटतो. बिल्डच्या मानाने ड्रॉप लहान वाटतो. मास्टरवर लिमिटर (पीक दाबणारा प्लगइन) ६-७ डीबी खातो, ड्रॉप उणे ७ एलयूएफएसला (सरासरी लाउडनेसचं माप) आहे आणि किक दबून गेली आहे. सुरुवात कुठून करू?

लोएंड_बर्डी

सुरुवात खुर्चीपासून करा भाऊ. आवाजाच्या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की पहिला रूम मोड (खोली स्वतःच ज्या फ्रिक्वेन्सीला घुमते ती) मिळतो. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. २५ अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर, म्हणजे मोड ५७ हर्ट्झच्या जवळ. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशावर गेली की वेग ३५५ च्या वर आणि मोड ५८.३ वर. तुमचा बी-फ्लॅट ५८.२७ हर्ट्झ आहे. या मोडचा दाब भिंतींशी सगळ्यात जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर शून्याजवळ असतो, आणि तुम्ही बसता मध्यावर. नोट फाइलमध्ये व्यवस्थित आहे, फक्त तुमच्या कानाशी पोचत नाही. त्यात लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, म्हणजे तिन्ही दिशांचे मोड एकाच जागी गोळा झालेले. मिक्सिंगसाठी याहून वाईट खोली मापून बांधायची म्हटली तरी अवघड.

५ डीबीचा तो चढ आजच काढा. खुर्ची पुढे घ्या, कान समोरच्या भिंतीपासून ३ फूट ९ इंचांवर येतील अशी. बी-फ्लॅट बऱ्यापैकी परत येईल. मॉनिटर मात्र भिंतीजवळच राहू द्या, मागे ४-५ इंच जागा पुरे. ते भिंतीपासून मीटरभर पुढे ओढायचा सल्ला खूप जण देतात. पण तसं केलं की मॉनिटरमागच्या भिंतीवरून परतलेली लाट ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते, आणि तुमच्या किकचं अंग तिथेच असतं. मॉनिटरच्या मागे बेस कमी करायचं बटण असेल तर ते वापरा.

अंड्यांचे ट्रे लावू नका. ५८ हर्ट्झची लाट ६ मीटर लांब असते, ट्रेला तिची खबरही नसते. कोपऱ्यात उभी केलेली कापसाची जाड गादी मिडमध्ये फरक पाडते, सबमध्ये नाही. म्हणून सबचा निर्णय मीटर आणि हेडफोनवर घ्यायचा. साइन तीच, व्हेलॉसिटी (नोटचा जोर) तीच, तर तिन्ही नोट मीटरवर अर्ध्या डीबीच्या आत सारख्या दिसल्या पाहिजेत. तशा दिसत असतील तर ईक्यूला (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज चढवण्या-उतरवण्याच्या साधनाला) हात लावू नका. ५ इंची मॉनिटर ५० च्या खाली झपाट्याने उतरतो, त्यामुळे एफचा ४३.७ हर्ट्झही तुम्हाला कमीच ऐकू येत असणार. तो भरून काढायच्या नादात पुन्हा चढवाल.

थ्री एक्स ऑस्कमध्ये फेज रँडमचा नॉब (लाट कुठून सुरू होते ते बदलणारा) शून्यावर ठेवा. नाहीतर प्रत्येक नोट वेगळ्या फेजने सुरू होते आणि किकबरोबरची बेरीज दर वेळी बदलते. एक ठोका जाड, दुसरा पोकळ. अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंद, रिलीज (विरायला लागणारा) ४०, म्हणजे टिकटिक येणार नाही.

ब्रेककटर_धरमपेठ

खोलीचं वर आलंच आहे, मी ड्रम आणि रीसचं सांगते.

आधी रीस. सब बेसच्या एक सप्तक वर, एफ ८७.३ हर्ट्झवर वाजतोय असं धरू. २० सेंटचा फरक म्हणजे तिथे १ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक बीट (इथे ठेक्याचा नव्हे, दोन लाटांच्या फरकाने होणारा आवाजाचा चढ-उतार). दोन्ही सॉ दोन टोकांना असताना ही बीट हवेत विरते; मोनो केलं की दोघी एकाच तारेवर येतात आणि फंडामेंटल (नोटची मूळ फ्रिक्वेन्सी) दर सेकंदाला पूर्ण मरून पुन्हा उठते. लॉनवाल्याची सिस्टिम निर्दोष आहे. रीसचे दोन भाग करा: ३०० हर्ट्झच्या खालचा मोनो, एकाच सॉचा, वरचा दोन सॉचा, पण पॅन ५०-६० टक्क्यांच्या पुढे नको. खालच्या भागाला १०० ला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), कारण त्याखाली सबचं राज्य. डिट्यून २० ऐवजी १४ सेंट केलात तर एफवर साधारण एका बारला एक हेलकावा येतो आणि तो ठेक्यात बसतो. नोट बदलली की हा हिशोब बदलतो, त्यामुळे फार मनावर घेऊ नका. मास्टरवर स्टिरिओ सेपरेशन पूर्ण मर्ज्डकडे फिरवून दर थोड्या वेळाने ऐकत जा.

किक दबते त्याला लिमिटर शेवटी जबाबदार, आधी किकच तपासा. तुमचा सब ४३ ते ५८ मध्ये फिरतो. किकचं अंगही ५०-५५ ला असेल तर दोघं एकाच खुर्चीवर बसायला बघतात. ९०-१०० हर्ट्झला अंग असलेली किक निवडा, लांबी १०० मिलिसेकंदांच्या आसपास कापा, ४० च्या खाली काही ठेवू नका. स्नेअरचं अंग १९०-२०० ला आणि कडकपणा ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. या संगीतात सगळ्यात पुढे स्नेअर असतो, आणि ते लेव्हलमध्येही दिसलं पाहिजे: मास्टरवर काही न लावता स्नेअरचा पीक उणे ६, किक उणे ७-८, सब उणे ११ च्या आसपास. ही सुरुवात धरा, पुढचं कानाने.

अमेनला १८० ला हाय-पास द्या. त्याचं काम घोस्ट नोट (हलके, मधले ठोके) आणि राइड झांजेची सळसळ, वजन नव्हे. वनशॉट आणि ब्रेकचे ठोके वेव्हफॉर्म मोठा करून जुळवा. २-३ मिलिसेकंदांचा फरक राहिला तरी स्नेअर पातळ होतो. पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, जी बाजू जाड वाटेल ती ठेवा.

साइडचेन (किक वाजली की सब आपोआप खाली दबवणं): अटॅक शून्य, रिलीज ७० ते ८५ मिलिसेकंद. १७४ ला सोळावा भाग ८६ मिलिसेकंदांचा असतो, त्याच्या आत सब परत उभा राहिला पाहिजे. रिलीज २०० ठेवलं तर सब दम लागल्यासारखा ऐकू येतो; हाउस संगीतात ते खपतं, इथे नाही.

लिमिटरवर ६-७ डीबी फार झाले. ड्रम बसवर (सगळे ड्रम एकत्र येतात त्या चॅनेलवर) सॉफ्ट क्लिपर (टोकं हळुवार छाटणारा प्लगइन) लावून २ डीबी तिथेच घ्या, स्नेअरच्या चॅनेलवर आणखी १. मग लिमिटरकडे २-३ च उरतील आणि किक दिसायला लागेल. उणे ७ एलयूएफएस हा आकडा क्लबच्या ट्रॅकला वावगा नाही. तो कुठे दाबून मिळवला याने फरक पडतो. स्पॉटिफाय तसाही तो उणे १४ च्या आसपास उतरवून वाजवतो.

आणि कूलर. त्याच्या घरघरीखाली हाय-हॅट आणि रिव्हर्बची शेपटी झाकली जाते, मग माणूस दोन्ही वाढवत बसतो. ट्रेबल आणि रिव्हर्बचे निर्णय सकाळी ६ ला, कूलर बंद करून, १५-२० मिनिटांत उरका. बाकी दिवसभर कूलर लावून एडिटिंग करा, त्यात काही बिघडत नाही.

सिलेक्टर_सदर

अरेंजमेंटबद्दल डीजेच्या बाजूने बोलतो. १७४ ला एक बार १.३८ सेकंद, १६ बार २२ सेकंद, ३२ बार ४४. सगळे १६ आणि ३२ च्या हिशोबाने मिक्स करतात. तुमची २४ ची इंट्रो आणि १६ चा बिल्ड मिळून ड्रॉप ४१ व्या बारला पडतो. समोरच्या ट्रॅकचे ३२ पूर्ण होऊन ८ बार पुढे, म्हणजे त्याच्या वाक्याच्या मधोमध. इंट्रो ३२ करा आणि पहिल्या बारपासून हॅट आणि टॉप लूप द्या. आउट्रो नाही हे त्याहून वाईट. दुसऱ्या ड्रॉपनंतर बेस काढून नुसत्या ड्रमचे ३२ बार ठेवा, नाहीतर हा ट्रॅक वाजवून बाहेर पडायचं कसं?

मी असा कापीन: इंट्रो ३२, बिल्ड १६, ड्रॉप ६४, ब्रेकडाउन १६, दुसरा ड्रॉप ४८, आउट्रो ३२. एकूण २०८ बार, ४ मिनिटं ४७ सेकंद. ब्रेकडाउन निम्मा केला कारण ४४ सेकंद किकशिवाय लोक उभे राहत नाहीत, त्यातून लॉनमध्ये १० ला स्पीकर बंद करायची घाई असते.

६४ बार एकच लूप चालत नाही. पहिल्या १६ मध्ये रीस अर्धाच बोलू द्या, दोन बार प्रश्न, दोन बार मोकळे. १७ पासून पूर्ण. ३१-३२ ला अमेनची कापाकापी, आणि ३३ व्या बारच्या पहिल्या ठोक्यावर काहीतरी नवीन आलंच पाहिजे. ताशा तिथपर्यंत राखून ठेवा. तो इंट्रोपासून वाजला तर ३३ ला हातात काही उरत नाही. दुसरा ड्रॉप ही पहिल्याची नक्कल नको. त्याचे पहिले १६ बार हाफ-टाइम करा, स्नेअर फक्त तिसऱ्या बीटवर, मग पूर्ण वेग.

ड्रॉप लहान वाटतो कारण बिल्ड मोठा आहे. बिल्डचा ग्रुप अडीच डीबी खाली घ्या, शेवटच्या ४ बारमध्ये हाय-पास हळूहळू १५० पर्यंत न्या, व्हाइट नॉइजचा रायझर (चढत जाणारा सळसळाट) स्नेअरच्या वर जाऊ देऊ नका. ड्रॉपच्या आधी अर्धा बार, म्हणजे ०.६९ सेकंद, पूर्ण शांतता. रिव्हर्बची शेपटीही कापा. ही शेपटी बहुतेक जण विसरतात आणि पहिली किक तिच्यातच बुडते.

ताशाचं गणित मजेशीर आहे. लूप ११२ वरून ११६ वर न्या, साडेतीन टक्के ताण, कळतही नाही. ११६ ला एक ठोका ५१७ मिलिसेकंद, म्हणजे १७४ चे बरोबर दीड बीट. सहाच्या ठेक्यातला आठवा भाग तुमच्या आठव्या भागावर तंतोतंत येतो. पण आवर्तन ६ चं आणि बार ८ चा, म्हणून दोघं २४ वर, दर ३ बारला, एकत्र येतात. तुम्हाला तो सुटल्यासारखा वाटतो ते यामुळे. सोडवायचा असेल तर त्याचा फायदा घ्या: ३ बारचं वाक्य पाच वेळा वाजवा, १५ बार झाले, सोळाव्यात ताशा काढून फिल. नाहीतर दर ४ बारला लूप सक्तीने पहिल्यापासून सुरू करा. तेही चालतं, थोडं सरळसोट होतं.

ठोक्याठोक्याला काप द्या पण क्वांटाइझ (ठोके ग्रिडवर ओढणं) ६० टक्केच. १०० केलं तर ताशाची लड मशीनगन होते. फोन स्वतःच आवाज दाबत असतो, त्यामुळे लूप आधीच चेपलेला आहे. त्यावर कॉम्प्रेसर नको, ट्रान्झियंट शेपरने अटॅक थोडा वर काढा. ४०० ला हाय-पास, आणि स्नेअरच्या ठोक्यांवर ताशा ३-४ डीबी खाली डक करा, कारण दोघांचा कडकपणा एकाच पट्ट्यात आहे.

मानेवाडा_१७४

सगळ्यांचे आभार. खुर्ची सरकवली, बी-फ्लॅट परत आला, ईक्यूचा चढ काढला. रीसचे दोन भाग केल्यावर मोनोमध्ये टिकून राहतो आहे. किकचं अंग खरंच ५२ ला होतं, ती बदलतो.

एक नवीन गोष्ट दिसली. कूलर बंद केल्यावर ए-फ्लॅटची लांब नोट थरथरते, सेकंदाला साधारण दोनदा. रीस म्यूट केला तरी. फेज रँडम शून्यावर आहे.

लोएंड_बर्डी

हेडफोनवरही थरथरते का ते बघा. नसेल तर ती ट्रॅकमध्ये नाहीच. ए-फ्लॅट ५१.९ हर्ट्झ आणि आपली वीज ५० ची; फरक १.९, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन बीट. मॉनिटरमध्ये लाइनची गुणगुण येऊन राहिली आहे आणि सब तिच्याशी घासतो आहे. सब बंद करून मॉनिटरच्या कोनशी कान न्या, बारीक हम्म ऐकू येईल.

इंटरफेस ते मॉनिटर आरसीए वायर असेल तर ती बदलून बॅलन्स्ड टीआरएस (गुणगुण कमी पकडणारी वायर) घ्या, दोन्ही बाजूंना सॉकेट असतील तर. लॅपटॉप, इंटरफेस, मॉनिटर तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा आणि कूलर वेगळ्या सॉकेटवर. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. हम्म गेला तर ग्राउंड लूप (अर्थिंगच्या वायरींतून फिरणारा करंट) तिथूनच येतो. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकायचा जुगाड कोणी सुचवेल, तो करू नका. हम्म जाईल पण मॉनिटरच्या बॉडीत करंट उतरला तर वाचवायला काही उरत नाही. बोर्डला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्या, जुन्या घरांत पिन असते आणि मागे वायर नसते.

ते झालं की लिमिटर काढून, पीक उणे ६ ठेवून, ड्रॉपचे पहिले ३२ बार २४ बिट वेव्हमध्ये टाका. एमपी३ नको.