मदत हवी आहे: २ इंच लिफ्टच्या जिम्नीला २३५/७५ आर१५, रिमचा ऑफसेट किती?

मंडळी, माझी सुझुकी जिम्नी (छोटी ४x४ गाडी) सस्पेन्शनने २ इंच उंच केलेली (लिफ्ट) आहे. गोव्यातल्या सांगे-नेत्रावळीच्या पावसाळी चिखलासाठी टायर बदलतोय. मूळ १९५/८० आर१५ची (१९५ मिमी रुंद, १५ इंची रिमचा) उंची ६९३ मिमी, नव्याची ७३३. म्हणजे अ‍ॅक्सलखाली २० मिमीच जास्त मिळणार आणि स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४-८५ला असेल. मूळ ५.५ इंची रिम या टायरला अरुंद, म्हणून ६ इंची घ्यावीच लागेल.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर; तो कमी केला की चाक बाहेर जातं. मूळ रिमचा अधिक ५ आहे आणि नवा टायर ४० मिमी जास्त रुंद, म्हणून ऑफसेट शून्य घेतला तर टायरची आतली कड १५ मिमी आत जाते, बाहेरची २५ बाहेर. उणे १० घेतला तर आत ५, पण बाहेर ३५. मग पूर्ण स्टिअरिंगला बंपरचा कोपरा घासेल का? (लिफ्टने ते टळत नाही, सस्पेन्शन दाबलं की चाक वर येतंच.) बंपर न कापता कोणता ऑफसेट चालला? आणि जड स्टेपनीने मागच्या दाराच्या बिजागऱ्या सैल होतात का?