सातवीची सहल: नळदुर्ग की परंडा? ८२ पोरं आहेत, सल्ला द्या

सातवी_ब_च्या_बाई
नमस्कार मंडळी. सोलापुरात एका शाळेत शिकवते, डिसेंबरात सातवीची सहल काढायचीय आणि यंदा सगळं माझ्याच गळ्यात पडलंय. पोरं ८२, आम्ही ९ जण. इतिहासाचे सर परंडा परंडा करून बसलेत, माझं मन नळदुर्गावर, आणि दोन पालकांना विचारलं तर ते म्हणाले किल्ल्यात दगड काय बघायचे, वॉटरपार्कला न्या की ओ. एका दिवसात जाऊन संध्याकाळी सहाच्या आत शाळेत परत यायचंय. पोरांनी नळदुर्गच्या धबधब्याचे रील बघितलेत, रोज तेच विचारतात, बाई धबधबा दिसणार ना. दिसेल का? आणि एसटी करू की खासगी गाडी?

बोरीकाठचा
बाई, धबधब्याचं आत्ताच पोरांना खरं सांगून टाका. नर आणि मादी हे दोन्ही धबधबे बोरी नदी भरून बंधाऱ्यावरून पडायला लागली तरच दिसतात, म्हणजे पावसाळ्यात आणि तेही पाऊस चांगला झाला तर. डिसेंबरात बहुतेक कोरडंच असतं. पण एका अर्थी बरंच आहे, कारण पाणी असलं की शे-दीडशे माणसं त्या अरुंद जागेत सेल्फी काढत उभी असतात, त्यात ८२ पोरं सांभाळायची म्हणजे जीव टांगणीला.

खरी गंमत बंधाऱ्याच्या पोटात आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात नदी अडवून किल्ला आणि पलीकडचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्या मधे हा दगडी बंधारा घातला आणि त्याच्या आतच पाणीमहाल बांधला. जिना उतरून आत गेलं की बाहेर ऊन कितीही असू दे, अंगाला गार लागतं. खिडकीशी उभं राहायचं आणि पोरांना सांगायचं की पावसाळ्यात पाणी आपल्या डोक्यावरून जाऊन या खिडकीसमोर पडतं आणि आतला माणूस कोरडाच राहतो. मी पुतण्याला नेलं होतं, तो अर्धा तास "मग पाणी आत का येत नाही" एवढंच विचारत होता. तुमच्या विज्ञानाच्या बाईंना बरोबर घ्या, इतिहासवाले तिथं गप्पच पडतात 😄

उपळ्या बुरुजावर तोफा आहेत, लांबलचक. पायऱ्या उंच आहेत, एका वेळी पंधरा-वीसच पोरं सोडा, बाकीची खाली थांबू देत.

निवृत्त_मास्तर
मी अशा सहली पुष्कळ नेल्या. ताई, तुमचा हिशोब बघा आधी. एसटीला शाळेच्या सहलीसाठी निम्मी सवलत मिळते, आगारात शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पण लवकर द्या, डिसेंबरात सगळ्या शाळा तुटून पडतात. आम्हाला मिळायच्या त्या गाड्या चव्वेचाळीस सीटच्या. दोन गाड्या म्हणजे ८८. तुम्ही ८२ आणि ९ म्हणजे ९१. तीन जण कुठं बसवणार? सहलीत उभ्यानं नेऊ नका, माझ्या एका सहलीत ऐनवेळी चार पोरं वाढली, मी मांडीवर घ्या म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत येऊन जे बोलले ते अजून कानात आहे, आणि बरोबरच बोलले.

परंडा वाईट नाही. विजापूरची ती प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ आधी परंड्याच्या किल्ल्यावर होती. पण बार्शीवरून शंभरेक किलोमीटर, म्हणजे निम्मा दिवस गाडीतच जाणार, त्यातून दोन-चार पोरं ओकणार. नळदुर्ग हैदराबाद हायवेवर, पन्नासेक किलोमीटर. सहाच्या आत यायचंय ना, मग विषय संपला.

संमतीपत्रं सही करून घ्या, परवानगीचं काम आधी उरका, आणि आदल्या आठवड्यात एकदा स्वतः जाऊन या. संडास कुठं, पाण्याचा नळ चालू आहे का, तिकीट किती, वेळ काय, हे तिथंच उभं राहून विचारायचं. जेवण हायवेवर अजिबात नको. डब्यात धपाटे आणि शेंगाचटणी आणायला सांगा, संध्याकाळपर्यंत खराब होत नाही.

गड्ड्याचा_पोरगा
माझं जरा वेगळं मत. आधी गावातला भुईकोट दाखवा की. दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला आपण त्याच तटाच्या बाजूनं पाळण्यात बसायला जातो पण आत गेलेली पोरं वर्गात हात वर करा म्हणलं तर दहासुद्धा निघणार नाहीत. खंदक, दुहेरी तट, वरून दिसणारा सिद्धेश्वर तलाव, १८१८ ला इंग्रजांनी घेतलेला किल्ला. एका शनिवारी सकाळची शाळा तिथं भरवा. तट, बुरूज, खंदक म्हणजे काय ते पोरांना आधी कळलं की नळदुर्गला गेल्यावर ती स्वतःच बोट दाखवतील आणि तुम्हाला घसा फोडावा लागणार नाही.

सातवी_ब_च्या_बाई
सगळ्यांचे खूप आभार. नळदुर्ग फायनल. आज वर्गात धबधबा नाही म्हणून सांगितलं तर एवढा मोठा "ऑऑ" झाला, मग त्या खिडकीचं सांगितलं तर मागच्या बाकावरचा एक म्हणतो बाई आत सोडतील ना नक्की, मी खिडकीतून हात बाहेर काढून बघणार. त्याला माझ्या शेजारीच बसवणार आहे. भुईकोटाचा शनिवारपण मुख्याध्यापकांच्या कानावर घातलाय, ते हो म्हणालेत.

आणि मास्तर, सीटचं जमलं बघा. दोन पोरं घरच्या लग्नामुळं येणार नाहीत, राहिला एक. तर परंडावाले सर म्हणाले मी मोटरसायकलवर पुढं जातो आणि तिकिटाच्या रांगेत थांबतो, तेवढंच मला तुमच्या गाडीतल्या अंताक्षरीतून सुटका.