मदत हवी आहे : जातीचा अनुभव समजून घेणारे समुपदेशक (पुणे किंवा ऑनलाइन)

सर्वांना जय भीम, नमस्कार.

माझा धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही लातूरकडचे, बौद्ध. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात त्याला रँक विचारली, मग आडनाव, आणि त्यानंतर तो 'कोट्यातला' झाला. आता त्याला झोप लागत नाही, मेसमध्ये जेवायला जायचं टाळतो, व्हायवाच्या आदल्या रात्री छाती धडधडते.

मीच समजावून त्याला एका समुपदेशकाकडे पाठवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता कोण जात पाळतं? तू जास्त विचार करतोस." त्याला श्वासाचे व्यायाम दिले. भाऊ परत गेला नाही. मला म्हणाला, "ताई, तिथंही मला पुरावेच द्यावे लागले." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण भेदभाव न करणं वेगळं आणि समजून घेणं वेगळं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून दिलाय, पण त्याला दर आठवड्याला बोलायला एकच माणूस हवा आहे, मराठीत. इंग्रजीत तो अडखळतो आणि मग गप्पच होतो.

दलित-बहुजन समाजातले किंवा या प्रश्नाची खरी जाण असलेले समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? फी कमी करणारे असतील तर फार बरं, वडील रोजंदारीवर आहेत. आणि पहिल्या भेटीआधी फोनवर नेमकं काय विचारावं, म्हणजे त्याला पुन्हा तेच ऐकावं लागणार नाही? ज्यांनी स्वतः यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगा, मेसेज केलात तरी चालेल.