मेट्रो आली तरी रस्ते भरलेलेच. मग रोजच्या प्रवासात फरक पडतो तो कशाने?

वाटचाल (प्रश्न)

नमस्कार. गर्दीच्या शहरात मेट्रो सुरू झाली की काही महिन्यांतच दोन अगदी विरुद्ध मते कानावर येतात. मेट्रोने जाणारे म्हणतात की प्रवास सुसह्य झाला. रस्त्याने जाणारे म्हणतात की एवढा खर्च होऊनही वाहतूक कोंडी जिथल्या तिथेच आहे. मला दोन्ही मते प्रामाणिक वाटतात, म्हणूनच गोंधळ होतो.

माझी शंका अशी. मेट्रोचा कमाल वेग ताशी 80 किलोमीटर असल्याचे सांगितले जाते, पण दर किलोमीटर-दीड किलोमीटरवर थांबावे लागत असल्याने सरासरी वेग ताशी 30 ते 35 किलोमीटरच भरतो. शिवाय स्थानकापर्यंत जाणे, जिने, तपासणी, गाडीची वाट पाहणे आणि उतरल्यावर पुन्हा चालणे हे सगळे धरले, तर मध्यम अंतरासाठी दुचाकीवरून जाणारा माणूस अनेकदा आधी पोहोचतो. मग रोज ये-जा करणाऱ्याचा लाभ नेमका कशात आहे? मेट्रोची भलामण किंवा टीका मला नको आहे. मेट्रो कशी चालते हे ज्यांना आतून माहीत आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रूळमार्ग

वाहनाची उपयुक्तता त्याच्या वेगावरून ठरते, असे तुम्ही प्रश्नातच गृहीत धरले आहे. एकट्या प्रवाशापुरते ते खरे आहे, शहरापुरते नाही. ऐन गर्दीच्या वेळी, एका दिशेने, एका तासात, उपलब्ध जागेतून किती माणसे पुढे जातात, हे शहराला पाहावे लागते. सिग्नल असलेल्या रस्त्याच्या एका लेनमधून तासाला साधारण 800 ते 900 मोटारी पुढे सरकतात आणि प्रत्येक मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर हिशेब 1,300 माणसांच्या आसपास थांबतो. याउलट 1,500 प्रवासी नेणारी मेट्रोगाडी दर तीन मिनिटांनी सोडली तर तासाला 20 गाड्या आणि 30,000 प्रवासी होतात. हेच अंतर दोन मिनिटांवर आणले तर 45,000. यातील लहान आकडा घेतला तरी तेवढी माणसे मोटारींनी न्यायला एकाच दिशेला वीसहून अधिक लेन लागतील. दाट वस्तीत एवढा रुंद रस्ता काढायला जागाच नसते.

मात्र दोन गाड्यांमधील ते दोन मिनिटांचे अंतर राखणे फार जिकिरीचे काम आहे, आणि मेट्रोचे सारे यश त्यावर अवलंबून असते. गाडी फलाटावर साधारण 20 ते 30 सेकंद थांबते. पुढची गाडी फलाट सोडून सुरक्षित अंतरावर गेल्याखेरीज मागची आत घेता येत नाही. आता समजा, दार बंद होता होता कुणीतरी आत शिरण्यासाठी बॅग मध्ये घातली, दार पुन्हा उघडले, पुन्हा बंद झाले आणि पंधरा सेकंद गेले. हा उशीर त्या गाडीपुरता राहत नाही. मागच्या गाडीला बोगद्यातच वेग कमी करावा लागतो. तोवर पुढच्या स्थानकावर नेहमीपेक्षा जास्त माणसे जमलेली असतात, त्यांना चढायला अधिक वेळ लागतो आणि पंधरा सेकंदांचा उशीर पाच-सहा स्थानकांनंतर काही मिनिटांवर गेलेला असतो. फलाटावर आखलेल्या रेषा, आधी उतरू देण्याच्या सूचना, फलाटाच्या कडेची सरकती दारे या गोष्टी अनेकांना किरकोळ वाटतात, पण वेळापत्रक त्यांच्यामुळेच टिकते.

गाडी नेमकी कुठे आहे हे रेडिओद्वारे सतत कळवणाऱ्या सिग्नल यंत्रणेमुळे हे अंतर आणखी कमी करता येते. फ्रान्समधील लील शहरात 1983 पासून चालकाविना मेट्रो धावते आहे, आणि पॅरिसची 1900 साली सुरू झालेली पहिली मार्गिका 2012 पर्यंत पूर्णपणे स्वयंचलित करण्यात आली. मॉस्कोत तर चालक असूनही गर्दीच्या वेळी सुमारे 90 सेकंदांनी गाडी येते, यामागे कर्मचाऱ्यांची शिस्त किती असेल याची कल्पना करा.

सकाळपाळी

रूळमार्ग यांनी शहराचा हिशेब मांडला, मी प्रवाशाचा मांडते. दुचाकीवाला आधी पोहोचतो हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण तो किती दिवस आधी पोहोचतो? समजा, रस्त्याने जायला सरासरी 35 मिनिटे लागतात, पण एखाद्या दिवशी 25 तर एखाद्या दिवशी 60. आणि मेट्रोने घरापासून कामाच्या दारापर्यंत 42 मिनिटे लागतात, फार तर 45. ज्याला नऊच्या ठोक्याला हजर राहायचे आहे, त्याला घरातून सरासरी पाहून निघता येत नाही, सर्वांत वाईट दिवस गृहीत धरूनच निघावे लागते. म्हणजे रस्त्याचा प्रवास कागदावर 35 मिनिटांचा असला तरी त्याच्या दिवसातून 60 मिनिटे जातात. लवकर पोहोचलेली वीस-पंचवीस मिनिटे कामाच्या दारात बसून काढायची. ती घरच्यांच्या वाट्याला येत नाहीत. पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेला, मुलाला पाळणाघरातून ठरल्या वेळी आणणाऱ्या आईवडिलांना किंवा परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याला ही खात्री वेगापेक्षा फार मोलाची असते.

वाट पाहण्याचेही तसेच आहे. दर दहा मिनिटांनी नियमित वाहन येत असेल तर थांब्यावर केव्हाही आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. आता तासाला सहाच बस आहेत, पण कोंडीमुळे त्या जोडीने येतात, एकदा 2 मिनिटांनी आणि एकदा 18 मिनिटांनी, असे समजू. बसची संख्या तीच, तरी सरासरी वाट पाहणे 8 मिनिटांच्या वर जाते, कारण बहुतेक माणसे त्या लांब खंडातच थांब्यावर येतात. आणि लांब खंडानंतर येणारी बस खच्चून भरलेली असते, मागची मात्र रिकामी. मेट्रोचा रूळ स्वतंत्र असल्याने चौकातला सिग्नल, बंद पडलेला ट्रक, वळण घेणारी रिक्षा यांपैकी काहीच तिच्या आड येत नाही. माझ्या मते तिचा खरा लाभ या नियमितपणात आहे, आणि आपण तो पुरेसा मोजत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाटचाल

दोघांचे आभार. सरासरी आणि खात्री यांतला फरक मी असा कधी मांडून पाहिला नव्हता. पण माझा दुसरा मुद्दा अजून तसाच आहे. एवढी माणसे मेट्रोत गेली, तर रस्ते मोकळे का दिसत नाहीत?

नगरविचार

कारण मोकळा झालेला रस्ता मोकळा राहत नाही. एखादा माणूस गाडी घरी ठेवून मेट्रोने जाऊ लागला की रस्त्यावर थोडी जागा होते. ती पाहून कोंडीमुळे आजवर वेळ बदलून निघणारा, लांबचा वळसा घेणारा किंवा जाणेच टाळणारा दुसरा कुणीतरी त्याच वेळी त्याच रस्त्यावर येतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्ये शहरी द्रुतगती मार्गांबद्दल हेच मांडले होते की गर्दीच्या वेळची कोंडी उपलब्ध रस्ता भरेपर्यंत वाढत जाते. त्यातून पुढे आलेला विचार अधिक महत्त्वाचा आहे. ज्या शहरात लोकांना गाडी आणि रेल्वे यांत खरोखर निवड करता येते, तिथे दारापासून दारापर्यंतच्या रेल्वेप्रवासाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या जवळपास गाडीच्या प्रवासाचा वेळ स्थिरावतो. गाडीला त्याहून जास्त वेळ लागू लागला की माणसे गाडी सोडतात, कमी लागू लागला की परत येतात. म्हणून मेट्रो सुधारणे हा गाडीवाल्यांचाही प्रवास सुधारण्याचा एक मार्ग ठरतो.

मेट्रो रस्त्यावरचा किती भार उचलते हे ती बंद पडल्यावर कळते. लॉस एंजेलिसमध्ये 2003 साली सार्वजनिक वाहतुकीचा संप 35 दिवस चालला होता. ते मोटारींचे शहर. बस आणि रेल्वेने जाणाऱ्यांचा वाटा तिथे लहान. तरीही अर्थतज्ज्ञ मायकेल अँडरसन यांच्या 2014 मधील अभ्यासानुसार संपकाळात गर्दीच्या वेळी द्रुतगती मार्गांवरील सरासरी विलंब 47 टक्क्यांनी वाढला. वाटा लहान असला तरी ती माणसे नेमक्या सर्वांत दाटलेल्या मार्गांवरून, सर्वांत दाटलेल्या वेळी जाणारी होती.

रस्त्यावरच्या गाड्या प्रत्यक्षात कमी करायच्या असतील तर मेट्रोच्या जोडीने वाहनतळाचे दर आणि दाटीच्या भागात शिरण्याचे शुल्क लागते. सिंगापूरने 1975 मध्ये, लंडनने 2003 मध्ये असे शुल्क आणले. तेवढे राजकीय धैर्य नसताना केवळ मेट्रोकडून मोकळ्या रस्त्यांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पायवाट

वरील सगळे मान्य करूनही मला वाटते की चर्चा स्थानकाच्या आतच अडकली आहे. माणसाचा प्रवास घराच्या दारापासून सुरू होतो. स्थानकाच्या बाहेर पडल्यावर पदपथ मध्येच संपतो, रस्ता ओलांडायला जागा नसते, आणि उद्वाहक (लिफ्ट) असतो तो नेमका पलीकडच्या टोकाला. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला, चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला किंवा बाळाला घेऊन निघालेल्या बाईला गाडी किती नियमित आहे याने मग काहीच फरक पडत नाही, कारण ही माणसे फलाटापर्यंत पोहोचतच नाहीत. रात्री शेवटच्या टप्प्यावर दिवे नसतील तर अनेक स्त्रिया संध्याकाळचा परतीचा प्रवास मेट्रोने करणे टाळतात, आणि एकदा परतीचा मार्ग बदलला की सकाळचाही बदलतो.

वाटचाल, दुचाकी आधी पोहोचते असे तुम्हाला दिसते ते बऱ्याच अंशी या दोन टोकांमुळे. साधारण 12 किलोमीटरच्या मेट्रोप्रवासाला गाडीत 22-23 मिनिटे लागत असतील आणि दोन्ही टोकांना मिळून 25 मिनिटे जात असतील, तर गाडीचा वेग वाढवून फारसे साधणार नाही. दोन्ही टोकांची मिळून दहा मिनिटे वाचवणे त्यापेक्षा कितीतरी सोपे आणि स्वस्त आहे. दक्षिण कोरियातील सोलमध्ये 2004 साली बसमार्गांची नव्याने आखणी झाली आणि बस व मेट्रोचे भाडे एकत्र, एकूण अंतरावर आकारले जाऊ लागले, त्यामुळे वाहन बदलल्याचा भुर्दंड पडेनासा झाला. मेट्रोगाडी आल्यावर दोन-तीन मिनिटांनी स्थानकाबाहेरून सुटणारी बस, तिकीट एकच, आणि सलग पदपथ, एवढे झाले तरी स्थानकाला जोडलेला परिसर किती तरी पटींनी वाढतो.

रूळमार्ग

पायवाट यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त एक जोड. प्रत्येक मार्गावर मेट्रो हवीच असे नाही. तासाला एका दिशेने काही हजारच प्रवासी असतील तर राखीव लेनमधून धावणारी बस तेच नियमितपण खूप कमी खर्चात आणि लवकर देते. कोलंबियातील बोगोटा शहराने 2000 मध्ये अशी बससेवा सुरू केली आणि तिच्या मुख्य मार्गावर आज अनेक मेट्रोंएवढे प्रवासी जातात. पण त्यासाठी गाड्यांकडून लेन काढून घेऊन ती बसला द्यावी लागते आणि रोज राखावी लागते. ज्या शहराला ते जमत नाही, तिथे राखीव लेनमध्ये काही महिन्यांतच इतर वाहने शिरतात आणि बस पुन्हा कोंडीत उभी राहते.