जुन्या एफडीला रेडिएटर कोणता घ्यावा: मूळ जाडीचा की जाडजूड ॲल्युमिनियमचा?

रोटरीवेडा (धागाकर्ता)

गाडी माझदा आरएक्स-७, एफडी (म्हणजे तिसरी पिढी). इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं, दोन्ही टर्बो मूळचे, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलेला नाही. रेडिएटर कारखान्यातून आला तोच. टाक्यांचं काळं प्लास्टिक तपकिरी पडलंय, आणि ॲल्युमिनियमच्या कोअरवर (नळ्या-फिन्सच्या मधल्या भागावर) टाकी दुमडून बसवतात त्या कडेला कूलंट वाळल्याचे पांढुरके डाग आहेत. बदलायचा हे नक्की. वाद आहे तो कोणता घ्यायचा यावर.

ज्याला विचारावं तो एकच सुनावतो, "पूर्ण ॲल्युमिनियमचा घे, मिळेल तेवढा जाड घे." मला हे पटत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या, इंजिनाशी छेडछाड न केलेल्या एफडीला मूळ जाडीचा नवा रेडिएटर पुरतो. मूळ टाकी काचतंतू घातलेल्या नायलॉनची असते. तापून-निवून ती ठिसूळ होते खरी, पण त्याला बरीच वर्षं जावी लागतात. (उत्पादन २००२ मध्येच थांबलं, त्यामुळे सगळ्यात 'नवी' एफडीही आता म्हातारीच.) नवी टाकी आली की तेवढीच वर्षं पुन्हा मिळतात. शिवाय मूळ श्राउड (पंख्याभोवतीचं हवा वळवणारं आवरण), पंखे, रबरी बैठका जागच्या जागी बसतात, कापाकापी करावी लागत नाही.

विरोध जरूर करा, पण कारण द्या.

तापमापी

कारण घ्या. या इंजिनात रोटरची घरं ॲल्युमिनियमची, बाजूच्या प्लेटा बिडाच्या, सगळी चळत लांब बोल्टांनी आवळलेली आणि मधे कूलंटची रबरी सीलं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. एकदा सणसणीत तापली की सीलं जातात, आणि मग इंजिन उतरवून पूर्ण खोलण्यावाचून इलाज नसतो.

जुन्या टाकीला तडा गेला की पाणी एका दमात रस्त्यावर. आणि तापमानाचा मूळ काटा? मधल्या मोठ्या टप्प्यात तापमान कितीही हलो, हे महाशय मधोमध उभे. ते हलेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ज्या गाडीत एका फुटक्या टाकीपायी अख्खं इंजिन जातं, तिथे पुन्हा प्लास्टिकच बसवायचं? नवी टाकी जुनी होणार नाही का?

पितळी_बंब

ॲल्युमिनियमच का म्हणून? तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या घरात, शुद्ध ॲल्युमिनियमची २३७ (वॅट प्रति मीटर केल्व्हिन). तांब्या-पितळेचा कोअर बांधून घ्या. गळला तर डाख मारला की पुन्हा कामाला लागतो.

वाराबंद

@पितळी_बंब, आकडे बरोबर, पण त्या रेडिएटरात तांब्याच्या असतात त्या फक्त फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या). नळ्या पितळेच्या, आणि पितळ जेमतेम १२० च्या आसपास. जोड शिसं-कथलाच्या डाखाचा, तो तर ५० च्या आतबाहेर. तसंही खरी अडवणूक धातूत नसते, ती फिन आणि हवा यांच्यामध्ये असते. ॲल्युमिनियमची नळी जास्त रुंद करता येते, म्हणून एका रांगेतच भरपूर पृष्ठभाग मिळतो, आणि वजन कमी. गाडीच्या नाकावर वजन लादायला एफडी काय ट्रक आहे?

आता जाडीचं. कोअर जितका जाड, तितकी मागच्या भागाला आधीच तापलेली हवा मिळते. वर हवेला अडथळा वाढतो, आणि कमी वेगात पंख्याला ती ओढवत नाही. म्हणून आधी सांगा, गाडी तापते कधी? सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पंखा आणि श्राउड बघा. वेगात तापत असेल तर कोअर तुंबलाय, पंप दमलाय किंवा हवा रेडिएटरला वळसा घालून जातेय. एफडीच्या पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण तुटलं म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. ते आवरणच हवा वर रेडिएटरकडे वळवतं! रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवून बघा. हे करायच्या आधी नवा रेडिएटर घेणं म्हणजे खिडक्या सताड उघड्या ठेवून एसी बदलण्यासारखं आहे.

ट्रॅकशनिवार

रस्त्यापुरतं ठीक. ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलवर फेरीमागून फेरी मारा, मग बोला. तिथे वेग असतो, हवेचा दाब असतो, जाड कोअरमधून हवा आरपार जाते. मूळ रेडिएटर तिथे उघडा पडतो, वर इंटरकूलरही त्याच तोंडातून हवा घेतो. म्हणून तर लोक दोन्ही तिरपे, व्ही आकारात बसवतात. माझं मत जाडच, आणि दोन फेऱ्यांचा, म्हणजे पाणी एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येणारा.

वाराबंद

दोन फेऱ्यांत नळीतला वेग वाढतो, पण पंपावरचा भारही वाढतो. मूळ पंपावर सरसकट सुचवू नका. धागाकर्ते ट्रॅकवर जातात असं त्यांनी कुठे लिहिलंय?

रोटरीवेडा

जात नाही. आणि सिग्नललाही तापत नाही. वेगळा सेन्सर लावला आहे, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी कूलंटची झडप) उघडल्यावर आकडा ८० च्या घरातून थोडाच वर सरकतो. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर कितीही मोठा रेडिएटर गाडीला त्याखाली फार नेणार नाही, हेही कुणीतरी लिहायला हवं होतं.

@तापमापी, "ॲल्युमिनियम" म्हटलं की सगळेच एका माळेचे मणी धरताय. काहींत नळ्या भट्टीत ब्रेझ केलेल्या (धातू वितळवून जोडलेल्या) असतात, काहींत नळीच्या तोंडाशी इपॉक्सी भरलेलं असतं. टाकीचं वेल्डिंग घट्ट कंसांत आवळून बसवलं तर थरथरीने तेच तडकतं. आणि अर्थिंग खराब असेल तर भटका करंट पातळ नळ्यांना भोकं पाडतो. मल्टिमीटरचं एक टोक कूलंटमध्ये, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी अर्थिंग बघा.

तापमापी

जाड नको, इपॉक्सीवाला नको, रबरी बैठका ठेवायच्या, हे सगळं मान्य. मूळ जाडीचा, ब्रेझ केलेला, धातूच्या टाक्यांचा घ्या. त्याला तुमचा आक्षेप काय ते अजून कळलं नाही. बरं, हवा वेगळी करणारी ती छोटी प्लास्टिकची टाकी, एअर सेपरेटर, ती अजून मूळचीच आहे का?

रोटरीवेडा

नाही, ती ॲल्युमिनियमची केली आहे.

तापमापी

वा! म्हणजे छोट्या टाकीला प्लास्टिक नको, मोठीला मात्र चालतं.

रोटरीवेडा

छोटी टाकी दोन अर्धुकं चिकटवून बनवलेली असते आणि नेमकी त्या शिवणीवर उकलते. रेडिएटरच्या टाकीला अशी शिवण नाही, तिथे गॅस्केट आणि दुमडलेली कड आहे. दोन्हींचा रोग वेगळा. मूळ जाडीचा, धातूच्या टाक्यांचा आणि माझ्या श्राउडच्या भोकांना जुळणारा कुणी दाखवला तर बघतो. आतापर्यंत पाहिलेल्या प्रत्येकाला पंख्याचे कंस नव्याने करावे लागणार होते.